मंद आचेवरचं सोनं

आमच्या सांगलीच्या घरात एक घोडा होता. राखाडी आभाळात चारी पाय ताणून झेपावलेला. आयाळीला नि शेपटीला सोन्याच्या रेघा, भोवती चार-दोन चांदण्या. त्या आभाळाच्या काठाला तीन खाचा होत्या आणि त्यांतल्या एकीत बहुतेक वेळा अण्णांची सिगारेट टेकलेली असायची. घोडा अ‍ॅशट्रेच्या तळावर रंगवलेला होता. दिवसभर त्याच्या अंगावर राख पडत राही. रात्री आई ती झटकून अ‍ॅशट्रे धुऊन पालथा घाली आणि सकाळी घोडा पुन्हा लख्ख दिसे. तो रोज राखेत बुडतो आणि रोज पोहून वर येतो, अशी लहानपणी माझी खात्रीच होती.

हा अ‍ॅशट्रे भाऊकाकांनी आणलेला. भाऊकाका म्हणजे अण्णांचे थोरले भाऊ. १९५८ साली ते शिकायला लॉस एंजेलिसला गेले. तीन वर्षांनी परत आले तेव्हा त्यांच्या पेटीत आईसाठी नायलॉनची साडी होती, आजीसाठी शाल होती आणि धाकट्या भावासाठी, बनियनमध्ये गुंडाळलेला, हा घोडा होता. चित्राच्या कोपऱ्यात सोनेरी अक्षरांत बारीक सही होती. इंग्रजी अक्षरं जुळवता यायला लागल्यावर मी ती वाचली : साशा बी. मला ते बाईचं नाव वाटलं. भाऊकाकांच्या ओळखीची कोणी बाई तिकडे खिडकीपाशी बसून दिवसभर घोडे रंगवते, असं मी मनाशी ठरवून टाकलं. अ‍ॅशट्रे उलटा केला की तळाला एक कोंबडा छापलेला होता. तो त्या बाईनेच पाळला असणार, यातही मला शंका नव्हती.

अण्णा पाटबंधारे खात्यात अनुरेखक होते. दुसऱ्यांनी पेन्सिलीने काढलेले धरणांचे नि कालव्यांचे आराखडे ट्रेसिंग क्लॉथवर शाईने गिरवायचे, हे त्यांचं काम. सुट्टीच्या दिवशी कधी ते घरी बोर्ड लावून बसत, तेव्हा मी श्वास रोखून बघायची. रुलिंग पेन कागदावर टेकलं की थांबायचं नाही. थांबलं की शाईचा ठिपका. त्यांची रेघ सुरुवातीला जेवढी जाड तेवढीच शेवटाला. अशा नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकट असते. काढणारा, गिरवणारा, तपासणारा, मंजूर करणारा, असे रकाने. मंजूर करणाऱ्याची सही ऐसपैस पसरलेली. गिरवणाऱ्याच्या रकान्यात अण्णांची नुसती आद्याक्षरं. कितीतरी कालव्यांतून पाणी वाहिलं असेल, पण अण्णांचं पूर्ण नाव एकाही नकाशावर नव्हतं.

१९८३ साली भाऊकाका गेले. फुप्फुसांचा आजार होता आणि तो कशामुळे झाला हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. दहाव्याला कृष्णेच्या घाटावर पिंड मांडले आणि कावळा शिवेना. कावळे नव्हते असं नाही. समोरच्या झाडावर ओळीने बसले होते. एकेक जण पुढे होऊन बोलला. मुलांची शिक्षणं आम्ही बघू, वहिनींना अंतर देणार नाही. कावळे जागचे हलले नाहीत. उन्हं चढली. शेवटी अण्णा पुढे झाले, हात जोडले आणि अगदी हळू म्हणाले, "भाऊ, आजपासून मी ओढणार नाही." मी त्यांच्या मागे दोन पायऱ्यांवर उभी होते. एक कावळा उतरला, दोन उड्या मारत आला आणि त्याने भाताला चोच लावली.

त्या दिवसानंतर घोड्यावर राख पडली नाही. आईने अ‍ॅशट्रे चिंच लावून घासला, उन्हात ठेवला. त्यात चाव्या आल्या, मग सुटे पैसे, मग पेनांची टोपणं. देवघराच्या बाजूला मात्र तिने तो कधी येऊ दिला नाही. "कितीही धुतला तरी रक्षापात्रच ते," ती म्हणायची. इंग्रजी शब्दापेक्षा हा मराठी शब्द मला नेहमीच अंगावर येणारा वाटला. आपण ज्या शब्दाने देहाची राख सांगतो, त्याच शब्दाने सिगारेटचीही सांगतो.

काही वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियातल्या मातकामावरचं एक जाडजूड पुस्तक हाती आलं. पानं उलटताना एका पानावर आमचा घोडा समोर उभा. पन्नास वर्षं ओळखीचा असलेला माणूस परक्या गावात भेटावा तसं झालं. साशा बाई नव्हतीच. तो साशा ब्रास्टॉफ. १९१८ साली क्लीव्हलँडला जन्मलेला. बॅले नाचणारा, शिल्पं करणारा, न्यूयॉर्कच्या मोठ्या दुकानाच्या काचेमागची सजावट करणारा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात असताना तो जवानांसमोर कार्मेन मिरांडा या गाणाऱ्या नटीची नक्कल करी आणि ती इतकी गाजली की ‘विंग्ड व्हिक्टरी’ या चित्रपटातही आली. पुढे विन्थ्रॉप रॉकफेलर त्याच्या पाठीशी उभे राहिले आणि १९५३ साली लॉस एंजेलिसच्या ऑलिम्पिक बुलेव्हार्डवर त्याचा मोठा कारखाना उभा राहिला. भाऊकाका त्या शहरात होते तेव्हा तो भरात होता.

त्याच पुस्तकातली एक ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. ब्रास्टॉफ स्वतःच्या हाताने जे रंगवी, त्यावर पूर्ण नाव लिही. कारखान्यातले चित्रकार त्याच्या देखरेखीखाली जे रंगवत, त्यावर नुसतं ‘साशा बी.’ असे. म्हणजे आमचा घोडा साशाचा नव्हता. त्याच्या मूळ घोड्यावरून कोणीतरी गिरवला होता. दिवसाला असे कितीतरी घोडे त्या हाताने धावते केले असतील, आणि शेवटी तीच आखूड सही, दुसऱ्याच्या नावाची. संग्राहकांच्या हिशेबात अशा सहीला किंमत कमी. मला मात्र तो अ‍ॅशट्रे त्या दिवशी जास्त आपला वाटला. एका अनुरेखकाच्या टेबलावर दुसऱ्या अनुरेखकाचा घोडा इतकी वर्षं होता, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता.

मग मला हा नादच लागला. जुने अ‍ॅशट्रे दिसले की मी उलटून तळ बघू लागले. तळावरच्या नावामागची माणसं शोधू लागले, आणि त्यातही एकच गोष्ट शोधत राहिले : ऐन भराचे दिवस सरल्यावर या माणसांनी काय केलं?

अ‍ॅशट्रेच का, याचंही उत्तर हळूहळू मिळत गेलं. फुलदाणीला पाठ-पोट असतं, चित्र गोल फिरतं. पसरट अ‍ॅशट्रे म्हणजे आडवा ठेवलेला कॅनव्हासच. त्यात चित्र सबंध दिसतं आणि हाताच्या अंतरावर दिसतं. जो माणूस आयुष्यात कधी चित्र विकत घेणार नाही, तोही अ‍ॅशट्रे घेत होता. बैठकीच्या खोलीत, कचेरीत, हॉटेलात, विमानात त्याला मानाची जागा होती. तेव्हा आपल्याच मुंबईतून कारभार चालणाऱ्या एअर इंडियाने १९६७ साली साल्वादोर दालीकडून अ‍ॅशट्रे करवून घेतला. शंखाच्या आकाराची ताटली, काठाने वेढा घातलेला साप, आणि खाली टेकू असे की हत्तीचं मस्तक उलट बघितलं तर हंस आणि हंस उलटा बघितला तर हत्ती. लिमोजच्या पोर्सेलीनमध्ये ते घडवले गेले आणि प्रवाशांना भेट दिले गेले. मोबदला म्हणून दालीने हत्तीचं पिल्लू मागितलं आणि ते खरोखरच विमानाने भारतातून रवाना झालं. धूर हा तेव्हा पाहुणचाराचा भाग होता. त्या पाहुणचाराने किती घरांतली भाऊकाकांसारखी माणसं नेली, हे मी विसरू शकत नाही. म्हणून या वस्तूंकडे मी नुसत्या कौतुकाने बघू शकत नाही. आणि तरीही त्यांवरून हात फिरवल्याशिवाय राहवत नाही.

हात फिरवता फिरवता सोन्याची गोष्ट कळली. मातीचं भांडं एकदाच भाजतात, अशी माझी समजूत होती. सोनं लावलेलं भांडं किमान तीनदा भट्टीत जातं. पहिल्यांदा कच्ची माती हजार अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त आचेवर भाजून पक्की होते. मग ग्लेझ, म्हणजे काचेचा लेप देऊन दुसरी भट्टी. सोनं या दोन्हींनंतर, तिसऱ्या भट्टीत, आणि तीही सगळ्यांत मंद, सातशे-आठशे अंशांची. तिथे आच वाढली तर सोनं ग्लेझमध्ये बुडून जातं, फाटतं, नाहीसं होतं. आणखी एक : कुंचल्याने लावताना ते सोन्यासारखं दिसतच नाही. तपकिरी, चिकट, डांबरासारखा द्रव असतो तो. भट्टी उघडेपर्यंत केवळ विश्वासावर काम करायचं. अण्णांच्या सिगारेटने त्या ग्लेझच्या केसाएवढ्या तड्यांत जो तपकिरी रंग उतरवला होता, तो मी बोटाने चाचपत होते तेव्हा हे वाचून मी जरा थांबले.

हे सोन्याचं काम करत कारखान्यात शिरलेली एक मुलगी होती. इंग्लंडच्या स्टॅफर्डशरमधल्या टनस्टॉल या कुंभारांच्या गावात १८९९ साली जन्मलेली क्लॅरिस क्लिफ. तेराव्या वर्षी ती भांड्यांच्या काठांना सोन्याच्या रेघा मारायला लागली. पुढे बर्सलेमजवळच्या विल्किन्सन यांच्या कारखान्यात आली. त्यांनी शेजारची न्यूपोर्ट पॉटरी घेतली तेव्हा गुदामात जुन्या, दोष राहिलेल्या पांढऱ्या भांड्यांचा ढीग होता. १९२७ साली तो ढीग तिच्यापुढे आला. तिने दोष झाकायला त्यांवर नारिंगी, पिवळे, निळे, हिरवे त्रिकोण असे भडक फासले की कारखान्यातल्या विक्रेत्यांनाही खात्री वाटेना. माल हातोहात गेला. ‘बिझार’ हे नाव पडलं आणि बघता बघता तिच्या हाताखाली सत्तरेक जणांचा चमू झाला, बहुतेक कोवळ्या मुली. चहाची भांडी, फुलदाण्या, तसे अ‍ॅशट्रे नि सिगारेट-काडेपेट्यांचे ठोकळेही. तळावर छाप : हाताने रंगवलेले, क्लॅरिस क्लिफ. हात त्या मुलींचे होते.

मग युद्ध आलं. १९४२ पासून ब्रिटनमध्ये देशातल्या ग्राहकांसाठी रंगीत भांडी करायलाच बंदी झाली; साधी पांढरी तेवढी करायची. मुली युद्धाच्या कामांवर गेल्या. क्लॅरिसने १९४० साली कारखान्याचे मालक कॉली शॉर्टर यांच्याशी लग्न केलं होतं. युद्ध संपल्यावर रंग परत आले, पण लोकांना तिचे त्रिकोण नको होते, जुन्या वळणाची फुलं हवी होती. ती पुन्हा तशी कधी उसळली नाही. घर, बाग, नवरा. १९६३ साली शॉर्टर गेले, पुढच्या वर्षी तिने कारखाना विकला आणि दार लावून घेतलं. १९७१ सरताना ब्रायटनच्या संग्रहालयात तिच्या कामाचं प्रदर्शन मांडलं गेलं. तिने थोड्या अनिच्छेनेच का होईना, पुस्तिकेसाठी टिपणं लिहून दिली, काही भांडीही देऊन टाकली. १९७२ च्या ऑक्टोबरमध्ये ती गेली.

तिच्या या शेवटच्या तीस वर्षांबद्दल लिहिणारे बहुतेक जण हळहळतात. मीही आधी हळहळले. पण मग वाटलं, दहा-बारा वर्षांत जे सांगायचं ते एवढ्या मोठ्या आवाजात सांगून झालं असेल, तर उरलेलं आयुष्य झाडांना पाणी घालण्यात का घालवू नये? भांडं कोरडं ठेवलेलं असलं म्हणून ते फुटलेलं नसतं.

दुसरा एक माणूस अगदी उलटा. सिनसिनाटीमध्ये १८८० साली मारिया लाँगवर्थ निकोल्स यांनी रूकवुड पॉटरी सुरू केली. अमेरिकेतल्या कलात्मक मातकामाचं ते मोठं घराणं. तिथे १८८७ साली कातारो शिरायामादानी नावाचा जपानी चित्रकार आला. त्याने ग्लेझखाली रंगवलेली फुलं अजून वाफ धरून असल्यासारखी वाटतात. मध्ये तो मायदेशी परतला आणि साठीत पुन्हा सिनसिनाटीला आला. तोवर घराण्याचे दिवस फिरले होते. मंदी आली, हाताने रंगवलेली फुलदाणी कोण घेणार? साच्यातल्या छोट्या वस्तूंवर घर चालू लागलं. शिरायामादानीने त्या साच्यांसाठीही आकार घडवले. १९४१ साली रूकवुडचं दिवाळं निघालं, मालक बदलले. हा माणूस १९४८ साली मरेपर्यंत, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षापर्यंत, तिथेच काम करत होता. मोठं काम मिळत नाही म्हणून त्याने हात बांधून घेतले नाहीत.

त्याच रूकवुडचा एक अ‍ॅशट्रे आहे. नावातला रूक, कावळ्याच्या कुळातला पक्षी, काठावर येऊन बसलेला. त्याचं छायाचित्र पाहिलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. सिनसिनाटीच्या कारागिराच्या मनात कारखान्याचं नाव तेवढं असणार. मला मात्र कृष्णेचा घाट दिसला. राखेच्या भांड्याशी कावळा बसला आहे, आणि कोणी काय वचन देतं याची वाट पाहतो आहे.

१९९१ साली अण्णा निवृत्त झाले. पहिली दोन वर्षं फार वाईट गेली. सकाळी दहाला कपडे करून तयार, आणि जायला कुठेच नाही. हळूहळू बोलणं कमी झालं. खुर्चीत बसून मोकळा अ‍ॅशट्रे समोर घेत आणि बोटाने त्या घोड्याची पाठ नुसती गिरवत राहत. दहा वर्षांत हातात सिगारेट धरली नव्हती, ती आता धरतील अशी आईला धास्ती वाटे. मी सुट्टीत गेले की म्हणायची, "अण्णांना काहीतरी कर म्हणावं." काय कर, ते तिलाही सांगता येत नव्हतं नि मलाही.

आता मी ब्रास्टॉफची गोष्ट पुढे वाचते तेव्हा ती दोन वर्षं आठवतात. १९६२ साली, मनाचा ताण सोसेनासा झाल्यावर, साशा ब्रास्टॉफने स्वतःचाच कारखाना सोडला. कारखाना थांबला नाही. १९७३ पर्यंत चालू राहिला आणि माल त्याच्याच नावाने विकला गेला. सांगतात की त्या कोंबड्याच्या छापाशी वर्तुळातलं ‘आर’ दिसलं, म्हणजे नाव नोंदवलेलं असल्याची खूण, तर ती वस्तू तो गेल्यानंतरची समजावी. नाव तिथे राहिलं, माणूस बाहेर पडला. हातांत कारखाना नाही, चित्रकारांचा ताफा नाही. चव्वेचाळीस वर्षांच्या त्या माणसाने मग धातूची शिल्पं केली, दागिने घडवले. आणि पुढे होलोग्राम करू लागला : लेझरच्या प्रकाशाने काचेत वा पातळ फिल्मवर उमटवलेली चित्रं, जी हातात घेतली तर सपाट असतात आणि उजेडात धरली की खोल होतात. माती, मग धातू, आणि शेवटी नुसता उजेड. १९९३ साली तो वारला.

सुझी कूपरचं शेवटचं काम मला याहूनही जवळचं वाटतं. तीही बर्सलेमच्याच बाजूची, १९०२ सालची, क्लॅरिसपेक्षा तीन वर्षांनी लहान. १९२९ मध्ये तिने स्वतःच्या नावाने व्यवसाय काढला. तिचे रंग मवाळ, ठिपके नि रेघा मोजक्या, चहादाणीची चोच अशी की थेंब ओघळू नये. १९४२ साली कारखान्याला आग लागली, १९५७ साली पुन्हा. दोन्ही वेळा ती उभी राहिली. १९६६ मध्ये तिचा व्यवसाय वेजवुड कंपनीकडे गेला, मग तिची जुनी इमारतही बंद झाली. तरी ती नव्या जागी टेबल मांडून नक्ष्या काढत राहिली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने तिचं प्रदर्शन केलं ते १९८७ साली. त्याच्या आदल्याच वर्षी, चौऱ्याऐंशीच्या घरात असताना, ती आयल ऑफ मॅन या बेटावर राहायला गेली होती. तिथे ती बियांची चित्रं करू लागली. वेगवेगळ्या झाडांच्या बिया निवडायच्या, त्यांच्या मूळ रंगांनी चित्र जुळवायचं. साठ वर्षं भट्टीच्या जिवावर काम केलेल्या बाईने शेवटी असं काम निवडलं, ज्याला आच लागतच नाही. भट्टीत जे टिकत नाही तेच तिने हातात घेतलं. १९९५ साली ती गेली तेव्हा ब्याण्णव वर्षांची होती.

आणि अण्णा. १९९३ च्या दिवाळीआधी वाड्यातली मुलं आकाशकंदील करत होती. कामट्या वेड्यावाकड्या बांधलेल्या, कंदील कलंडायचा. अण्णा ओट्यावरून बघत होते. थोड्या वेळाने उठले, आतून फूटपट्टी नि सुतळी घेऊन आले आणि मुलांमध्ये बसले. रात्री आईकडे मैदा मागितला. खळ शिजवली, कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घातलं, आणि काही मिळेना म्हणून की काय, ती खळ सरळ अ‍ॅशट्रेत ओतली. मी बघत होते. खळीतून कुंचला काढून त्यांनी काठावर टेकवला, तो अगदी नेमका त्या खाचेत बसला. सिगारेटसाठी केलेली ती खाच जणू कुंचल्याच्या मापाची होती. आई दारात उभी होती. ती काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी खळ तिनेच शिजवून दिली.

त्यानंतर वीस वर्षं दिवाळीला अण्णांचे कंदील लागले. चांदणी, अष्टकोन, विमान. एका वर्षी आभाळात झेपावणारा घोडा, ज्याच्या पोटात दिवा. कामटी चिरायची रेघ तीच, ट्रेसिंग क्लॉथवरची, कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही. झिरमिळ्या लावून झाल्या की शेवटी ते रुलिंग पेन काढत आणि कंदिलाच्या तळाच्या पट्टीवर नाव घालत. आद्याक्षरं नव्हेत, स्वतःचं, वडिलांचं, आडनाव, सगळं पूर्ण. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी विचारलं, "अण्णा, इतकं लांब?" ते म्हणाले, "आता रकाना नाही ना." कंदील तुळशीच्या लग्नापर्यंत टिकत. मग दहिवराने रंग उतरे, कागद फाटे, आणि ते नाव केरात जाई. त्याचं त्यांना कधीच काही वाटलं नाही.

उतरती कळा हा शब्द आपण किती सहज वापरतो. क्लॅरिसची बाग, शिरायामादानीचे साचे, साशाचा उजेड, सुझीच्या बिया, अण्णांचा कागद. यांतलं काहीही त्यांच्या ऐन दिवसांतल्या कामाएवढं गाजलेलं नाही, आणि तसं असण्याची गरजही मला दिसत नाही. पहिल्या भट्टीने मातीला पक्कं केलं, दुसरीने चकाकी दिली. त्या दोन्ही आचांमध्ये सोनं टिकलंच नसतं. त्याला वाट बघावी लागते, आणि लावताना ते डांबरासारखंच दिसतं. अण्णांची ती दोन गप्प वर्षं मला आता तशी दिसतात.

२०१४ साली अण्णा गेले. तिसऱ्या दिवशी राख सावडून घरी आलो तेव्हा टेबलावर अ‍ॅशट्रे होता, तळाशी मागच्या दिवाळीची खळ वाळून पापुद्रा झालेली. मी तो पाण्यात भिजत ठेवला. खळ विरघळून गेली, घोडा वर आला. ग्लेझच्या तड्यांमधली तपकिरी जाळी तशीच राहिली. ती कशानेच जात नाही.

आता दिवाळीत कंदील मी करते. खळ शिजवून त्यातच ओतते, कुंचला त्याच खाचेत टेकवते. माझी कामटी अजून कुठे जाड राहते, कुठे बारीक होते. पहिल्या वर्षी तळाच्या पट्टीवर अण्णांचं नाव घालायचं मनात होतं. पेनात शाईही भरली होती. मग साशाच्या नावाने, साशा गेल्यानंतर, अकरा वर्षं विकला गेलेला तो माल आठवला. त्यातल्या एकाही वस्तूवर त्याचा हात फिरला नव्हता. अण्णांच्या रेघेशी अशी लबाडी मला करवेना. मी माझं नाव घातलं. पूर्ण.